गवतकापणी यंत्राचे पाते : धार लावल्यानंतर समतोल का व कसा साधावा

फळबागेतील ओळींमधले गवत समूळ खणून काढण्याऐवजी ते ठरावीक उंचीवर कापून जागच्या जागी पसरू देण्याची पद्धत आता पुष्कळ बागाईतदारांनी स्वीकारली आहे. गवताच्या मुळांमुळे उतारावरील माती धरून राहते, कापलेल्या गवताचे आच्छादन जमिनीतील ओल टिकविते, आणि पुढे तेच कुजून त्याचे खत होते. कोकणातील आंबा-काजूच्या बागांत तर पावसाळा सरल्यावर माजलेले गवत वेळीच कापले नाही, तर ते वाळून वणव्याचे भय निर्माण होते. ही सर्व कामे विळ्याने उरकण्याइतके मजूर ऐन हंगामात मिळणे कठीण असते. त्यामुळे इंजिनावर अगर विजेवर चालणारे गवतकापणी यंत्र बागेत, रोपवाटिकेत, तसेच शाळांच्या व दवाखान्यांच्या आवारांत दिसू लागले आहे.

यंत्र नवे असते तोवर ते सुरळीत चालते. पुढे पाते बोथट होते, गवत कापले जाण्याऐवजी ओरबाडले जाते, आणि मालक पाते उतरवून त्यास धार लावून घेतो. पाते परत बसविल्यावर गवत चांगले कापले जाते खरे. परंतु यंत्र पूर्वीपेक्षा अधिक थरथरू लागल्याचे अनेकदा आढळून येते. पाते तर नुकतेच दुरुस्त झाले आहे, तेव्हा दोष इंजिनात असावा, अशी समजूत होते व इंजिन उघडण्याची तयारी सुरू होते. वस्तुतः बऱ्याच प्रसंगी दोष इंजिनात नसून नुकत्याच धार लावलेल्या त्या पात्यातच असतो. धार लावताना पात्याच्या एका बाजूचे लोखंड दुसरीपेक्षा अधिक झिजलेले असते, आणि त्यानंतर पात्याचा समतोल पाहण्याचे काम राहून गेलेले असते. हे काम अवघ्या पाव तासाचे आहे. त्याकरिता एक खिळा, एक कानस व थोडी सावधगिरी एवढेच साहित्य लागते.

कोणत्या यंत्रास हे लागू आहे

गवतकापणी यंत्रांचे मुख्य प्रकार दोन. पहिला प्रकार रुळासारख्या फिरणाऱ्या पात्यांचा. इंग्लंडमधील एडविन बडिंग याने १८३० साली बनविलेले यंत्र याच प्रकारचे होते. यात आडव्या आसावर पिळाच्या आकाराची अनेक पाती बसविलेली असतात व ती खालच्या स्थिर पात्याला जवळजवळ टेकून कात्रीप्रमाणे गवत कापतात. या यंत्रात पात्यांचा वेग तुलनेने कमी असतो, आणि सर्व पाती आसाभोवती सारख्या अंतरावर विभागलेली असतात. त्यात स्थिर पात्यापासूनचे अंतर नीट ठेवणे हेच महत्त्वाचे काम होय.

दुसरा प्रकार जमिनीस समांतर फिरणाऱ्या एकाच लांब पात्याचा. पोलादाची एक चपटी पट्टी मध्यभागी बोल्टने आवळलेली असते व तिच्या दोन्ही टोकांजवळ धार असते. ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे १९५२ साली निघालेल्या व्हिक्टा यंत्रामुळे हा प्रकार घरोघरी पोहोचला. या पात्यास खाली आधार देणारे दुसरे पाते नसते. केवळ वेगाच्या जोरावर ते उभे गवत कापून टाकते. म्हणून त्यास फार मोठ्या वेगाने फिरावे लागते, आणि वेग मोठा असल्यामुळेच समतोलाचा प्रश्न येथे महत्त्वाचा ठरतो. प्रस्तुत लेखातील विवेचन प्रामुख्याने या दुसऱ्या प्रकारासंबंधी आहे.

थोड्याशा फरकाचा एवढा परिणाम का होतो

तराजू वापरण्यापूर्वी दोन्ही पारडी रिकामी असताना दांडी सरळ राहते की नाही, हे दुकानदार पाहून घेतो. पासंग असेल तर तो आधी दूर केला जातो. गवतकापणीचे पाते हीही एक प्रकारे मधोमध तोललेली दांडीच होय. फरक इतकाच की, तराजूची दांडी स्थिर असते आणि हे पाते मिनिटास हजारो फेरे घेत असते.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, पाते ५० सेंटिमीटर लांबीचे असून मिनिटास ३,००० फेरे घेत आहे. म्हणजेच सेकंदास ५० फेरे झाले. अशा पात्याच्या टोकाचा वेग ताशी सुमारे २८० किलोमीटर इतका असतो. आता असे समजा की, दगडावर आपटून पडलेली खाच काढण्यासाठी एका बाजूची धार अधिक घासली गेली व तेथील १० ग्रॅम लोखंड जास्त गेले. पात्याची जाडी ४ मिलिमीटर धरली, तर ८ सेंटिमीटर लांब व ४ मिलिमीटर रुंद एवढ्याशा पट्टीचे वजन सुमारे १० ग्रॅम भरते. खोल खाच काढताना इतके लोखंड सहज जाते.

पाते हातात धरले असता १० ग्रॅमचा फरक जाणवणारही नाही. परंतु पाते फिरू लागले म्हणजे प्रत्येक वजनास केंद्रापासून बाहेर फेकणारी ओढ उत्पन्न होते. दोन्ही बाजू समतोल असतील तर या ओढी परस्परांस छेद देतात व मधल्या आसावर भार येत नाही. एक बाजू जड असेल तर तेवढी ओढ शिल्लक उरते. वरील उदाहरणात केंद्रापासून २० सेंटिमीटर अंतरावरील १० ग्रॅमच्या फरकामुळे आसावर पडणारी ओढ सुमारे २० किलोग्रॅम वजनाइतकी होते. शिवाय ही ओढ एकाच दिशेस राहत नाही. पात्याबरोबर तीही सेकंदास ५० वेळा फिरते. वीस किलोग्रॅमचे ओझे बांधून कोणी आस दर सेकंदास पन्नास वेळा चहूकडे हिसडीत असावा, तसा हा प्रकार आहे.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली, ही ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला तर ओढ चौपट होते आणि वेग निम्मा केला तर ती चौथाईवर येते. इंजिन मंद चालत असता फारसे न थरथरणारे यंत्र पूर्ण वेगात एकदम थरथरू लागते, ते याचमुळे. दुसरी, तेवढेच वजन केंद्रापासून जितके दूर तितका त्याचा परिणाम अधिक होतो. आणि पात्याची धार नेमकी टोकाजवळ, म्हणजे सर्वांत दूर असते. त्यामुळे धार लावताना झालेला असमानपणा सर्वांत जास्त बाधतो.

थरथरीचे दुष्परिणाम

असमतोल पात्याचा पहिला आघात बेअरिंगांवर होतो. ती अकाली झिजतात, खुळखुळू लागतात व तेथून तेल गळू लागते. त्यानंतर यंत्राचे नट-बोल्ट आपोआप सैल होतात, पत्र्यास तडे जातात, मूठ जोडलेल्या जागी यंत्र मोडते. ज्या यंत्रांत पाते थेट इंजिनाच्या क्रँकशाफ्टवर बसविलेले असते, त्यांत हा सर्व मार इंजिनासच सोसावा लागतो. पाते बदलणे हा किरकोळ खर्च आहे. क्रँकशाफ्ट बदलावयाचा झाला तर तो खर्च काही वेळा यंत्राच्या किमतीच्या मानाने न परवडणारा ठरतो.

यंत्राहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे ते चालविणाऱ्या माणसाची प्रकृती. तासन्‌तास थरथरणारी मूठ धरून काम केल्याने हातास मुंग्या येतात व बोटे बधिर होतात. हे दीर्घकाळ चालू राहिल्यास बोटांतील रक्तप्रवाह व संवेदना यांवर कायमचा परिणाम होऊ शकतो. थंडीच्या वेळी बोटे पांढरी पडणे हे त्याचे एक लक्षण होय. रोजंदारीवर यंत्र चालविणारा मजूर याविषयी सहसा तक्रार करीत नाही. म्हणून मालकाने स्वतः मूठ धरून यंत्र किती थरथरते हे अधूनमधून पाहावे.

तिसरा धोका सर्वांत गंभीर आहे. सततच्या हिसड्यांनी पाते आवळणारा बोल्ट ढिला होऊ शकतो आणि पात्यास आधीच चीर गेली असेल तर ती वाढत जाऊन पात्याचा तुकडा उडू शकतो. वर सांगितलेल्या वेगाने सुटलेला पोलादाचा तुकडा प्राणघातक ठरू शकतो, हे वेगळे सांगावयास नको.

पाते उतरविण्यापूर्वी

१. इंजिन बंद करून ते पूर्णपणे थंड होऊ द्यावे. त्यानंतर स्पार्क प्लगची वायर काढून ती प्लगपासून दूर बांधून ठेवावी. हे न करता पाते हाताने फिरविले तर इंजिन अवचित सुरू होण्याचा संभव असतो. विजेवरील यंत्राची पिन भिंतीतील सॉकेटमधून काढावी. बॅटरीवरील यंत्राची बॅटरी बाहेर काढावी.

२. टाकीतील पेट्रोल काढून घ्यावे. यंत्र कलते करताना एअर फिल्टर व कार्ब्युरेटर यांची बाजू वर राहील असे पाहावे. अन्यथा तेल फिल्टरमध्ये उतरते.

३. पात्याच्या जमिनीकडील बाजूस खडूने खूण करावी. पाते उलटे बसविण्याची चूक वारंवार होते. टोकाजवळचे वर वळलेले पंख यंत्राच्या पत्र्याच्या दिशेस असतात, हेही लक्षात ठेवावे.

४. पाते फिरू नये म्हणून पत्रा व पाते यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा अडकवावा आणि योग्य मापाच्या पान्याने बोल्ट सोडवावा. हातात जाड मोजे घालावेत. काही यंत्रांवरील आटे उलटे असतात. तेव्हा जोर लावण्यापूर्वी यंत्राबरोबर आलेली माहितीपुस्तिका पाहावी.

५. वॉशर व इतर भाग ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने फडक्यावर मांडून ठेवावेत.

पाते साफ करणे व तपासणे

पात्यावर वाळलेले गवत व चिखल यांचा थर बसलेला असतो. तो खरवडून, पाते धुऊन व पुसून कोरडे करावे. चिखलाचा थर राहिला तर पुढील सर्व तोलणे व्यर्थ जाते. अनेकदा एका टोकास चिकटलेला चिखल हेच थरथरीचे एकमेव कारण असल्याचे याच वेळी उघडकीस येते.

त्यानंतर पाते उजेडात धरून बारकाईने पाहावे. मधल्या छिद्राभोवती व पंख जेथे वळतो त्या जागी चीर आहे काय हे तपासावे. रेताड जमिनीत चालणाऱ्या यंत्रात पंखाच्या बुडाशी पाते वाळूने झिजून पातळ होते. ते नखाएवढे पातळ झाल्यास पाते टाकून द्यावे. जांभ्या दगडाच्या जमिनीत पाते दगडावर आपटून वाकण्याचा प्रकार नेहमी घडतो. सपाट फरशीवर पाते ठेवले असता त्याची दोन्ही टोके सारख्या उंचीवर राहिली पाहिजेत.

चीर गेलेले, पातळ झालेले अगर वाकलेले पाते कोणत्याही परिस्थितीत पुन्हा वापरू नये. वाकलेले पाते घणाने सरळ करणे अथवा चिरेवर वेल्डिंग करणे हे दोन्ही उपाय घातक आहेत. असे पाते दिसावयास सरळ दिसले, तरी आतून दुबळे झालेले असते.

धार लावणे

समतोल राखण्याच्या कामाचा प्रारंभ धार लावतानाच होतो. पाते व्हाइसमध्ये घट्ट आवळावे व चपट्या कानशीने मूळ धारेच्या उताराप्रमाणे एकाच दिशेने, पुढे ढकलत घासावे. हा उतार बहुधा ३० अंशांच्या आसपास असतो. परंतु कारखान्याने दिलेला उतार हाच प्रमाण मानावा. फक्त वरची, उताराची बाजू घासावी. खालची सपाट बाजू घासू नये. खाली निघालेली लव कानशीच्या एकदोन हलक्या हातांनी काढून टाकणे पुरेसे आहे.

कानशीचे हात मोजावेत. एका बाजूस ४० हात मारले तर दुसऱ्या बाजूसही ४० हातच मारावेत. ही साधी सवय लागली तर बहुतेक असमतोल मुळातच टळतो. एका बाजूस खाच खोल असेल तर ती संपूर्ण काढण्याचा हट्ट धरू नये. लहानशी खाच राहिली तरी गवत कापण्यास अडचण येत नाही. मात्र ती काढण्याच्या भरात एक बाजू फार झिजते.

वस्तऱ्यासारखी धार काढणे येथे अनावश्यक आहे. फार पातळ धार पहिल्याच खड्यावर दुमडते. टोचणार नाही परंतु स्पष्ट जाणवेल, अशी धार या कामास योग्य होय.

ग्राइंडरच्या चाकावर धार लावावयाची असल्यास डोळ्यांस चष्मा अवश्य लावावा व पाते वरचेवर पाण्यात बुडवून थंड करावे. चाकावर दाबून धरलेल्या पात्याची कड निळसर झाली म्हणजे तेथील पोलाद सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापले असे समजावे. अशा जागी पात्याचे पाणी उतरते आणि ती धार लवकर बोथट होते. शिवाय चाकावर लोखंड भराभर जात असल्याने दोन्ही बाजू सारख्या ठेवणे कठीण जाते. या दोन्ही कारणांस्तव नवशिक्याने कानसच वापरावी हे उत्तम.

समतोल पाहणे

भिंतीत अगर खांबात एक गुळगुळीत, सरळ खिळा आडवा ठोकावा. तो पात्याच्या भाराने वाकणार नाही इतका मजबूत, परंतु पात्याच्या मधल्या छिद्रापेक्षा बराच बारीक असावा. त्याचे टोक खाली झुकलेले नसावे. आता पाते मधल्या छिद्रातून या खिळ्यावर अडकवावे, हाताने आडवे धरावे व अलगद सोडून द्यावे. भिंतीस ते घासत नाही, हे पाहावे.

पाते आडवेच राहिले तर ते समतोल आहे. एक टोक खाली गेले तर ती बाजू जड आहे असे प्रथमदर्शनी समजावे. पण एवढ्यावरच निर्णय करू नये. खाली गेलेल्या टोकावर खडूने खूण करून पाते उचलावे व उजवे टोक डावीकडे येईल असे फिरवून पुन्हा अडकवावे. खूण केलेले टोकच पुन्हा खाली गेले तर ती बाजू निश्चित जड आहे. परंतु खूण केलेले टोक वर राहून भिंतीच्या त्याच बाजूकडील दुसरे टोक खाली गेले, तर दोष पात्यात नसून खिळ्यात आहे. अशा वेळी खिळा बदलून परीक्षा पुन्हा करावी. तराजूत वजन व माल यांची पारडी बदलून तराजूचा खोटेपणा ओळखतात, तीच ही युक्ती होय.

काही पात्यांचे मधले छिद्र वाटोळे नसून चांदणीच्या अथवा अन्य आकाराचे असते. अशा छिद्रात खिळा एखाद्या कोपऱ्यात अडकतो व परीक्षा फसवी ठरते. त्याकरिता शंकूच्या आकाराचे समतोलक मिळतात. पात्याचे छिद्र शंकूवर बसले की पाते आपोआप मधोमध येते आणि जड टोक खाली झुकते. गावात अनेक यंत्रे असतील तर असे एक समतोलक मिळून घेणे सोयीचे होते.

पाते वजनकाट्यावर ठेवून समतोल कळेल काय, असा प्रश्न काही जण विचारतात. तसे कळत नाही. काटा संपूर्ण पात्याचे वजन दाखवितो. ते वजन मध्याच्या दोन्ही बाजूंस कसे विभागले आहे, हे तो सांगू शकत नाही.

जड बाजू हलकी करणे

जड बाजूच्या धारेवर अजून घासण्यास वाव असेल, तर प्रथम तेथेच, मूळ उतार न मोडता, कानशीचे पाच-सहा हात मारावेत व पाते पुन्हा खिळ्यावर अडकवून पाहावे. धार आधीच योग्य झाली असेल तर जड टोकाच्या आखूड कडेवरून, धारेच्या मागील कोपऱ्याच्या बाजूने, थोडे लोखंड काढावे. टोकाकडील लोखंड केंद्रापासून दूर असल्याने तेथे थोडेसे घासले तरी पुरते. पंखाच्या वळणाची जागा मुळीच घासू नये.

प्रत्येक वेळी थोडे घासावे आणि परीक्षा घ्यावी. घाईने जास्त घासले गेले तर दुसरी बाजू जड होते, मग ती घासावी लागते व अशा रीतीने चांगले पाते विनाकारण झिजून जाते. दोन्ही अर्ध्या भागांची मध्यापासूनची लांबी मोजपट्टीने ताडून पाहावी. ती सारखी राहिली पाहिजे. समतोल साधण्यास फारच लोखंड काढावे लागत असेल तर त्या पात्याचे आयुष्य संपले असे समजून नवीन पाते आणावे.

हलक्या बाजूस भर घालण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. नट वेल्ड करून, शिसे चिकटवून अथवा तार गुंडाळून वजन वाढविलेले पाते खिळ्यावर समतोल दिसेल. परंतु यंत्र सुरू होताच ती भर बंदुकीच्या गोळीप्रमाणे सुटून जाईल. त्याचप्रमाणे जड बाजूस भोक पाडून वजन कमी करू नये. भोकापासून चीर जाण्यास प्रारंभ होतो.

पाते पुन्हा बसविणे

वॉशर मूळ क्रमाने लावून, खडूची खूण जमिनीकडे राहील अशा रीतीने पाते बसवावे. झिजलेला बोल्ट अगर चपटा झालेला स्प्रिंग वॉशर पुन्हा वापरू नये. बोल्ट माहितीपुस्तिकेत दिलेल्या मापाने, शक्य असल्यास टॉर्क पान्याने, आवळावा.

आता आणखी एक परीक्षा राहते. यंत्र सपाट फरशीवर ठेवून, स्पार्क प्लगची वायर अद्याप सुटीच असताना, पात्याच्या एका टोकाची जमिनीपासूनची उंची काठीने मोजावी. पाते अर्धा फेरा फिरवून दुसऱ्या टोकाची उंची त्याच ठिकाणी मोजावी. दोहोंत ३ मिलिमीटरांहून अधिक फरक आढळला तर पाते वाकलेले आहे, अथवा ज्या दांड्यावर ते बसते तो दांडा वाकलेला आहे. खिळ्यावरील परीक्षेत हा दोष दिसून येत नाही. म्हणून दोन्ही परीक्षा आवश्यक आहेत.

त्यानंतर वायर जोडून यंत्र मोकळ्या जागेत सुरू करावे. प्रारंभी मंद व नंतर पूर्ण वेगाने चालवून पाहावे. या वेळी आसपास कोणी, विशेषतः मुले व जनावरे, नसावीत.

तरीही यंत्र थरथरत असेल तर

समतोल पाते बसवूनही थरथर कायम राहिली तर क्रमाने पुढील भाग पाहावेत : पाते व दांडा यांमधील जोड झिजला आहे काय, दांडा वाकला आहे काय, बेअरिंग खिळखिळे झाले आहे काय, इंजिन ज्या बोल्टांनी पत्र्यावर बसविलेले असते ते सैल आहेत काय. यंत्र दगडावर अगर झाडाच्या बुंध्यावर जोराने आपटल्यानंतर थरथर सुरू झाली असेल, तर दांडा वाकल्याची शंका प्रथम घ्यावी व जाणत्या कारागिराकडून तो तपासून घेतल्यावाचून यंत्र चालवू नये. वाकलेल्या दांड्यावर नवे पाते बसविल्याने काहीही साधत नाही.

अन्य यंत्रांस हाच नियम

ट्रॅक्टरच्या मागे जोडून बागेत चालविल्या जाणाऱ्या गवतकापणी यंत्रात लटकती पाती असतात. ही पाती सुटी असल्यामुळे येथे मात्र वजनकाटा उपयोगी पडतो. समोरासमोरची दोन पाती सारख्याच लांबीची व सारख्याच वजनाची असावीत. एक मोडले तर केवळ तेवढेच नवे न बसविता जोडीच बदलावी. झिजलेल्या पात्यासमोर नवे पाते बसविणे म्हणजे जाणूनबुजून असमतोल निर्माण करणे होय.

विजेवर चालणाऱ्या कडबाकुट्टी यंत्राच्या चाकावरील पात्यांनाही जोडीनेच धार लावावी व ती तोलून सारखी करावीत. या चाकाचा वेग गवतकापणीच्या पात्याहून पुष्कळ कमी असल्याने काही ग्रॅमच्या फरकाने तेथे मोठीशी ओढ उत्पन्न होत नाही. तेथे पाते व स्थिर पाते यांमधील अंतर दोन्ही पात्यांकरिता सारखे असणे अधिक महत्त्वाचे. खांद्यास अडकवून चालवावयाच्या यंत्राची चकती याच्या उलट फार वेगाने फिरते. तिचा एखादा दाता तुटला असेल तर इतर दाते घासून ती सारखी करण्याचा खटाटोप करू नये, चकती बदलावी. हे यंत्र चालू असताना इतरांनी निदान १५ मीटर दूर राहावे.

केव्हा करावे

साधारणतः २० ते २५ तासांच्या कामानंतर पाते तपासावे. खडकाळ जमिनीत ते याहून लवकर तपासावे लागेल. कापलेल्या गवताची टोके स्वच्छ न दिसता ओरबाडल्यासारखी, दुसऱ्या दिवशी पांढुरकी दिसू लागली, तर धार गेली असे समजावे. मुठीची थरथर वाढली तर समतोल गेला असे समजावे. दगडावर आपटल्यास मात्र तासांची गणना न करता यंत्र तत्काळ थांबवून पाते पाहावे. काम सुरू करण्यापूर्वी बागेतून एक फेरी मारून दगड, तारा व सुक्या फांद्या उचलून टाकल्या तर यांतील पुष्कळसा त्रास वाचतो.

पात्यास धार लावून देणारा कारागीर समतोल पाहून देतो की नाही, हे शेतकरी बंधूंनी त्यास आवर्जून विचारावे. तो पाहत नसेल तर पाते बसविण्यापूर्वी घरच्या भिंतीवरील खिळ्यावर ते एकदा अडकवून पाहावे. धार ही गवताकरिता असते. समतोल हा यंत्राकरिता आणि ते चालविणाऱ्या हातांकरिता असतो. ही दोन्ही कामे झाली म्हणजेच पात्याची दुरुस्ती पूर्ण झाली असे म्हणता येईल.